सहा नंबरचा माऊस

मला चोर म्हणाले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण माझा राग काही उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही. मी चोरी केली नव्हती. मी जिंकत होते, एवढाच माझा गुन्हा.

तेव्हा मी अकरावीला होते. घरात मोबाईल एकच, तोही बाबांच्या खिशात. इंटरनेट हवं असेल तर सायबर कॅफेत जायचं. भिवंडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी, कापडाच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर असाच एक कॅफे होता. सहा कॉम्प्युटर, सहा प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक पंखा, तोही फक्त मालकाच्या डोक्यावर. मालकांना सगळे भाई म्हणायचे. कोकणी मुसलमानांचं जुनं घराणं, माणूस सज्जन. बोलायला सुरुवात मराठीत करायचे आणि चिडले की हिंदीत शिरायचे. सकाळी ते कॉम्प्युटरचा क्लास घ्यायचे आणि दुपारी कॅफे चालवायचे. मी क्लासला जायचे. क्लास संपल्यावर तासभर टायपिंगचा सराव करते, असं घरी सांगितलं होतं. पहिले आठ दिवस ते खरंही होतं.

बाकीच्या पाच खुर्च्यांवर पोरं खेळ खेळायची. नुसता गोळीबाराचा खेळ नव्हता तो. प्रत्येकाची एक वसाहत असायची. मजूर खाणीतून खनिज आणायचे, त्यातून घरं बांधायची, सैनिक तयार करायचे आणि समोरच्याची वसाहत बुडवायची. समोरचाही त्याच वेळी तेच करत असायचा. इथे बुद्धिबळासारखी पाळी नाही, कुणी कुणासाठी थांबत नाही. मैदान भलंमोठं, पण पडद्यावर त्याचा एकच तुकडा दिसायचा, आणि जिथे आपलं कुणी पोचलेलं नसेल तिथे नुसतं काळं. दुसरा तुकडा बघायचा तर माऊसचा बाण पडद्याच्या कडेला नेऊन टेकवायचा, की चित्र त्या बाजूला सरकतं. उजवीकडे बघायचं तर उजव्या कडेला, वर बघायचं तर वरच्या कडेला. पोरं दिवसभर बाण कडेला टेकवून चित्र सरकवत बसायची. मी टायपिंग करता करता मान वळवून बघायचे, आणि एका दुपारी टायपिंगला रामराम ठोकून मीही तो खेळ उघडला.

भाईंनी मला सहा नंबर दिला होता. "लडकी है, कोने में आराम से बैठेगी," म्हणाले. कोपरा खिडकीपाशी होता आणि खिडकीसमोर कापड विणायच्या लूमचा कारखाना. दिवसभर रुई उडत आत यायची, डोक्यावर बसायची, चहात पडायची. तेव्हाचे माऊस गोळीचे. पोटात रबराची गोळी, ती फिरली की पडद्यावर बाण फिरायचा. रुई त्या गोळीला चिकटून आत जायची आणि आतल्या चाकांना गुंडाळून बसायची. सहा नंबरचा बाण डावीकडे जायचा, खाली जायचा, पण उजवीकडे न्यायला गेलं की अर्ध्यावर थरथरत उभा राहायचा. झाकण उघडून साफ करावं म्हटलं तर भाईंनी ते गमाने चिकटवून टाकलेलं, कारण पोरं गोळ्या पळवायची. मी भाईंना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तेच उत्तर मिळालं, "तुला टायपिंगच करायचंय ना? माऊस कशाला लागतो?"

पहिले सहा महिने मी नुसती हरत होते. शत्रू उजवीकडून यायचा आणि माझा बाण उजवीकडे पोचेपर्यंत माझी वसाहत जळून राख व्हायची. एकदा असंच बाण कधी हलतोय त्याची वाट बघत बसले होते. दुसरा उद्योग नाही म्हणून खेळातलं मदतीचं पान उघडलं. ते पान कुणीच वाचायचं नाही. मी वाचलं, शब्द लावत लावत वाचलं. त्यात लिहिलं होतं, की मैदानातली एखादी जागा पडद्यावर आणा, शिफ्ट दाबून एफ टू दाबा, की ती जागा त्या बटणावर बसते. नंतर कुठेही असा, नुसतं एफ टू दाबा, क्षणात त्या जागेवर हजर. एफ थ्रीवर दुसरी जागा, एफ फोरवर तिसरी. खाली डाव्या कोपऱ्यात सगळ्या मैदानाचा छोटा नकाशा असायचा, आणि तिथपर्यंत माझा बाण कसाबसा जायचा. नकाशावर टिचकी मारून जागा एकदा आणायची आणि बटणावर बसवून टाकायची. मग माऊस मेला तरी चालेल!

आणि ते वाचताना मला हसू फुटलं, कारण हे मला येत होतं. लहानपणापासून येत होतं.

बाबांचा कारखाना म्हणजे आठ लूमची एक शेड. आमचं गाव खाडीकडचं, घर शेतकऱ्याचं. शेती गेली आणि लूम आले. कारीगर सुट्टीवर गेला की बाबा स्वतः लूमवर उभे राहायचे. मी डबा घेऊन जायचे आणि ते जेवेपर्यंत लक्ष ठेवायचे. पहिल्या दिवशी मी आठ लूमच्या मधून येड्यासारखी धावत होते. एकावरची सुताची तार तुटली की तिकडे, दुसऱ्याची कांडी संपली की इकडे. बाबा घास हातात घेऊन बघत होते. मग त्यांनी बोलावलं आणि कानाशी तोंड आणून ओरडले, कारण लूम चालू असताना दुसरं काही ऐकू येतच नाही.

"धावाचं न्हाय! उभं कुठं र्‍हायचं ते ठरवाचं. जागा तीन हायेत, चौथी न्हाय."

तीन जागा त्यांनी मला दाखवल्या. त्यातल्या एका जागेवर उभं राहिलं की चार लूमचे इकडून तिकडे पळणारे धोटे एका नजरेत दिसतात. दुसरीवरून मागचे तीन. आणि तिसरी भिंतीकडे, तिथून कोपऱ्यातला तो एक नाठाळ लूम दिसतो, ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. शोधत फिरायचं नाही. इथून तिथे, तिथून इथे, पाय आपोआप गेले पाहिजेत. आणि आणखी एक गोष्ट बाबांनी शिकवली होती. आवाजाला घाबरायचं नाही, आवाज म्हणजे काम चालू आहे. एखादा लूम गप्प झाला की आवाजात खड्डा पडतो. लक्ष त्या खड्ड्याकडे पाहिजे.

तर मी खेळात तीन जागा ठरवल्या. एफ टूवर वसाहतीचा दरवाजा, एफ थ्रीवर खाण, एफ फोरवर मागची बाजू, जिथे कुणी बघत नाही. डावा हात बटणांवर ठेवला आणि तिथून हलवला नाही. टक, टक, टक. पंधरा दिवसांत पाचातली तीन पोरं हरवली, महिन्याभरात चौथा.

पाचवा म्हणजे चॅम्पियन. त्याला सगळे तसंच म्हणायचे, आणि तोही म्हणवून घ्यायचा. वडिलांचा जवळच दापोड्याला ट्रान्सपोर्टचा धंदा, स्वतः कॉलेजात, केसांना जेल. एक नंबरच्या कॉम्प्युटरला कॅफेतला एकमेव नवा माऊस होता, पोटात गोळी नसलेला, लाल दिव्याचा. चॅम्पियन आला की तिथे बसलेला पोरगा आपोआप उठायचा. मी त्याला एका आठवड्यात तीनदा हरवलं. पहिल्यांदा तो म्हणाला, झोप झाली नव्हती. दुसऱ्यांदा म्हणाला, लाईट कमीजास्त होत होती. तिसऱ्यांदा तो खुर्ची मागे ढकलून उठला आणि सरळ भाईंकडे गेला.

"भाई, ही चोरी करते. हिने सहा नंबरवर काहीतरी टाकलंय, हिला सगळं मैदान उघडं दिसतं. स्क्रीन बघा हिची, माकडासारखी उड्या मारते. माणूस इतक्या जागी एकदम असू शकतो का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मी बटणं दाबते!" मी ओरडले. आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात, लूमवाल्यांची सवय. पण ओरडणारी मुलगी म्हणजे खोटं बोलणारी मुलगी, असं त्या पोरांनी धरलं. जी चौघं माझ्याशी हरली होती, त्यांना तर आनंदच झाला. आपण मुलीशी हरलो नाही, चोराशी हरलो, यात केवढी सोय!

भाई कात्रीत सापडले. शेवटी म्हणाले, "देखो, माझ्या कॅफेत चोरी चालणार नाही. शुक्रवारी नमाजनंतर दोघं खेळा. सगळे मागे उभे राहून बघतील. तू जिंकलीस तर कुणी शब्द काढायचा नाही. हरलीस तर मग नुसतं क्लासला ये, कॅफेत बसू नको." क्लास दोन महिन्यांत संपणार होता. त्यानंतर माझ्यासारख्या मुलीला भिवंडीत खेळायला जागा कुठली? ती खुर्ची गेली की सगळं गेलं, आणि वर चोर हे नाव कायमचं.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगून टाकलं. टायपिंगच्या थापेसकट. मला वाटलं, आता जाणं बंद. बाबांनी एकच विचारलं, "केलीस का चोरी?"

"नाही."

"मग जा."

"आणि हरले तर?"

"हरलीस तर हरलीस. पन चोर म्हनवून घेऊन घरात बसाचं न्हाय."

शुक्रवारी कारखाने बंद असतात. समोरचे लूम गप्प, गल्ली सुनसान. कॅफेत मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. नमाज पढून आलेले, जेवून आलेले, सगळे. बाबा माझ्याबरोबर आले आणि दाराशी भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांनी कॉम्प्युटर याआधी फक्त बँकेत पाहिला होता.

चॅम्पियनने येताच अट टाकली, "ती सहा नंबरवर बसणार नाही. तिथेच सगळी गडबड आहे."

"ठीक आहे," मी म्हटलं. "मी एक नंबरवर बसते. तू सहावर बस."

मला माहीत होतं का, की सहा नंबरवर काय होणार? अर्थात माहीत होतं! आठ महिने मी त्या माऊसशी झगडत होते, एक दुपार त्यानेही झगडावं. भाई म्हणाले बरोबर आहे, आणि आम्ही बसलो.

खेळ सुरू होऊन चार-पाच मिनिटं झाली असतील. लाल दिव्याच्या माऊसवर माझी वसाहत झक्क मांडून झाली होती. तेवढ्यात कोपऱ्यातून धाडधाड आवाज आला. चॅम्पियन माऊस टेबलावर आपटत होता.

"भाई, ये तो मरा हुआ है! उजवीकडे जातच नाही! असं कसं खेळणार कुणी?"

भाई माझ्याकडे बघायला लागले. मी उठले.

"मी आठ महिने ह्याच्यावरच खेळतेय," मी म्हटलं. "ऊठ. तू तुझ्या माऊसवर जा. खेळ बंद करायचा नाही. तुझी वसाहत मी घेते, माझी तू घे."

रागात बोलून गेले, आणि त्या खुर्चीत बसल्यावर माझे डोळे पांढरे झाले. काय पसारा करून ठेवला होता त्याने! निम्मे मजूर रिकामे, सैनिक मोजून सहा, दरवाजा सताड उघडा. माझी मांडलेली वसाहत मी आपल्या हाताने त्याला देऊन बसले होते. हा माझा स्वभाव, काय करणार. आता माघार घेतली असती तर जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं.

नकाशावर टिचकी मारली. बाण भलतीकडेच गेला. परत मारली. तिसऱ्या वेळी दरवाजा आला, एफ टूवर बसवला. खाण एफ थ्रीवर. मागची बाजू एफ फोरवर. मग मजूर कामाला लावले, सैनिक काढायला घेतले आणि बोटं सुटली. टक, टक, टक. माझ्या मागे सगळे उभे होते, बाबाही दारापासून पुढे सरकले होते, त्यांचे सगळ्यांचे श्वास मानेवर येत होते. पडद्यावर जिथे काळं होतं तिथे काळंच दिसत होतं, मैदान कुठेही उघडं नव्हतं. "अरे, ती खरंच नुसती बटणं दाबतेय," कुणीतरी हळूच म्हणालं. मी वळून पाहिलं नाही.

थोड्या वेळाने तो दरवाजावर चालून आला. मोठी फौज घेऊन, माझीच फौज! भोंगा वाजायला लागला, घरं पेटली, मागची पोरं बोंबलायला लागली, "दरवाजा! दरवाजा बघ!" मी दरवाजावर होते-नव्हते ते सैनिक उभे केले आणि एफ फोर दाबलं. मागची पाण्याकाठची बाजू अगदी शांत होती. एक पान हलत नव्हतं. आणि मला ते आवडलं नाही. पुढे एवढा गोंधळ आणि इथे इतकं गप्प? ताजे निघालेले चार सैनिक मी दरवाजाकडे न पाठवता तिथे आणून ठेवले.

"पागल आहे का ही? दरवाजा पडतोय आणि ही मागे काय करतेय?"

मी एफ टू, एफ थ्री, परत एफ फोर करत राहिले. चौथ्या की पाचव्या फेरीला मागच्या बाजूला त्याचं विमान उतरलं. आत सैनिक भरलेले, माझे मजूर कापायला पाठवलेले. दार उघडलं आणि समोर माझे चार उभे. विमानातला एकही परत गेला नाही.

आता त्याचं सगळं बाहेर होतं. अर्धी फौज माझ्या दरवाजावर अडकलेली, अर्धी मागे मेलेली. आणि घर? घर तर मी बांधलेलं होतं. कुठली बाजू मी मोकळी सोडली होती, कुठे भिंत घालायची राहून गेली होती, ते त्याला ठाऊक नव्हतं, मला होतं. जे उरलेले सैनिक होते ते सगळे लांबच्या वाटेने त्या मोकळ्या बाजूला नेले. तो बाण कडेला टेकवून चित्र सरकवत, सरकवत आपल्या घरापर्यंत पोचला तेव्हा घर उरलं नव्हतं.

चॅम्पियन उठला आणि जिना उतरून गेला. भाईंनी पेचकस आणला, सहा नंबरचा माऊस उलटा केला आणि गमाने चिकटवलेलं झाकण उचकटून काढलं. आतून रुईचा एक गोळा निघाला, सुपारीएवढा. भाई तो तळहातावर घेऊन बघत राहिले.

"अगं, मग आधी बोलायचं ना," ते म्हणाले.

"बोलले होते, भाई. दोनदा. तुम्ही म्हणालात, टायपिंगला माऊस कशाला."

भाईंची मान खाली गेली. मला त्यांची दया आली का? नाही आली. आठ महिने त्या गोळ्याशी मी झगडले होते आणि वर चोर म्हणवून घेतलं होतं. मग ते म्हणाले, "उद्यापासून एक नंबरवर बस." पोरं माझ्याकडे बघत होती. त्यांना वाटलं असेल, मी ऐटीत नको म्हणेन, माझा कोपराच बरा म्हणेन. का म्हणू? मी म्हटलं, "बसते."

बाबा आणि मी जिना उतरलो. आता ते काहीतरी चांगलं बोलतील म्हणून मी वाट बघत होते. चांगली गल्ली पार झाली तेव्हा ते बोलले.

"तुजी तिसरी जागा चुकली."

"काय?"

"ती मागची. तिथनं निम्मं पानीच दिसत व्हतं. एक पाऊल अलीकडं उभी र्‍हायली असतीस तर खान पन त्यातच दिसली असती. मग एक जागा वाचली."

मी रस्त्यात थांबले. ज्या माणसाला सैनिक कोण आणि मजूर कोण हे कळलं नव्हतं, त्याने माझी चूक नेमकी पकडली होती. "मी जिंकले, बाबा!" मी ओरडले.

"जिंकलीस," ते तेवढ्याच मोठ्याने ओरडले. "तरी जागा चुकली!"

आणि मग दोघंही हसायला लागलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाबांनी ते पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी मी एक नंबरवर बसले. लाल दिव्याचा माऊस हातात होता, उजवीकडे डावीकडे लोण्यासारखा फिरत होता, तरी मी आधी बटणांवर जागा बसवल्या. तिसरी एक पाऊल अलीकडे घेतली. बाबांचं बरोबर होतं. खाण त्यात दिसत होती.

चॅम्पियन दहा-बारा दिवस आला नाही. मग एका दुपारी आला, माझ्या खुर्चीमागे उभा राहिला आणि बराच वेळ माझा डावा हात बघत होता. पूर्ण खेळ संपल्यावर खाली मान घालून म्हणाला, "ते बटणांचं मला दाखवशील का?"

"आधी मला काय म्हणाला होतास ते परत घे. सगळ्यांसमोर."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. सहा नंबर सोडून सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. "तू चोरी केली नव्हतीस," तो म्हणाला.

"मोठ्याने. मला ऐकू कमी येतं, लूमवाल्यांची मुलगी आहे मी."

त्याने मोठ्याने म्हटलं. भाईंनीसुद्धा मान वर केली.

"दाखवते," मी म्हटलं. "पण इथे नाही. जा, सहा नंबरवर बस."

इतक्या दिवसांत सहा नंबरच्या माऊसमध्ये परत रुई भरलीच होती. तो बसला, बाण उजवीकडे न्यायला गेला, बाण अर्ध्यावर थरथरत उभा राहिला, आणि त्याने माझ्याकडे केविलवाण्या नजरेने पाहिलं.

मी म्हटलं, "हां. आता शिकशील."